पर्वणी आणि जत्रा : नांदेड-लातूर परिसरातील तीर्थमेळ्यांची घडण

महाराष्ट्रातील धार्मिक मेळ्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार पर्वणीचा. सूर्य, चंद्र किंवा गुरू यांच्या विशिष्ट स्थितीमुळे पवित्र मानल्या गेलेल्या काळाला पर्वणी म्हणतात आणि त्या काळात वाहत्या पाण्यात स्नान करणे, दान देणे व पितरांसाठी विधी करणे ही तिची मुख्य अंगे असतात. दुसरा प्रकार जत्रेचा. जत्रा एखाद्या देवतेची असते, ती त्या देवतेच्या ठाण्यावर भरते आणि तिच्यात नवस, पालखी, बाजार, कुस्त्या व करमणूक ही सारी अंगे एकत्र नांदतात. नांदेड आणि लातूर या मराठवाड्याच्या आग्नेय भागातील जिल्ह्यांत हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी आढळतात. येथील तीर्थ असलेले नगर म्हणजे गोदाकाठचे नांदेड, परंतु या भागातील हिंदू समाजाची सर्वांत मोठी जत्रा मात्र नदीपासून दूर, माळरानावर भरते. हे असे का घडते याचा उलगडा पर्वणी आणि जत्रा यांची कालगणना वेगळी आहे, हे ध्यानात घेतल्यावर होतो.

गोदावरी : स्नानाची नदी आणि संकल्पाची खूण

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. गौतम ऋषींच्या हातून घडलेल्या गोहत्येच्या पातकाचे क्षालन व्हावे म्हणून शिवाच्या जटेतून ही नदी पृथ्वीवर आली, अशी कथा ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात विस्ताराने आली आहे आणि त्यामुळेच तिला गौतमी किंवा दक्षिणगंगा म्हणतात. मराठवाड्यात तर तिचा उल्लेख नुसता ‘गंगा’ असाच होतो, आणि तिच्या दोन्ही काठांच्या काळ्या, सुपीक पट्ट्याला गंगथडी हे नाव आहे. नांदेड हे या गंगथडीतील महाराष्ट्राच्या हद्दीतले शेवटचे मोठे शहर असून त्याच्या पुढे धर्माबादच्या बाजूने नदी तेलंगणात शिरते.

लातूर जिल्ह्यातून गोदावरी वाहत नाही. तेथील मुख्य नदी मांजरा. ती बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, धाराशिव व लातूर ओलांडून कर्नाटकातील बीदरकडे आणि पुढे तेलंगणात जाते, तेथून उत्तरेकडे वळून नांदेड जिल्ह्याची सीमा आखते आणि अखेर सुमारे ७२४ किलोमीटर वाहून कंदकुर्ती येथे गोदावरीत विलीन होते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील पैनगंगाही वर्धा आणि प्राणहिता या नद्यांच्या मार्गाने शेवटी गोदावरीलाच मिळते. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतील लहानमोठी तीर्थे वेगवेगळ्या पाण्यांवर वसलेली असली, तरी ती एकाच खोऱ्यात मोडतात.

गोदावरीचे धार्मिक स्थान केवळ स्नानापुरते नाही. कोणतेही धर्मकृत्य आरंभण्यापूर्वी कर्ता हातात पाणी घेऊन ते कृत्य कोठे, कोणत्या काळी आणि कशासाठी केले जात आहे याचा उच्चार करतो. याला संकल्प म्हणतात. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या संकल्पात स्थळ सांगताना आपण गोदावरीच्या उत्तर तीरावर आहोत की दक्षिण तीरावर, हे सांगण्याचा प्रघात आहे. नदीपासून कोसोदूर असलेल्या लातूरमधील घरातल्या सत्यनारायणाच्या पूजेतही त्यामुळे गोदावरीचे नाव येते. नांदेड शहर तर दोन्ही तीरांवर पसरलेले आहे. जुने गाव उत्तर तीरावर आणि सिडकोची नवी वस्ती दक्षिण तीरावर. गुरू सिंह राशीत असताना विवाह करू नयेत असा जो निर्बंध रूढ आहे, तो धर्मशास्त्रातील एका प्रसिद्ध मतानुसार गोदावरीच्या उत्तरेपासून भागीरथीच्या दक्षिणेपर्यंतच्या प्रदेशालाच लागू होतो. म्हणजे हे मत काटेकोरपणे पाळायचे ठरवले, तर एकाच शहरातील एका काठाला मुहूर्त वर्ज्य आणि समोरच्या काठाला मोकळा, अशी स्थिती उद्भवते.

पर्वणीचे गणित

पर्वणीचा काळ पंचांगावरून ठरतो. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते आणि अशा तीस तिथींचा एक चांद्रमास होतो. महाराष्ट्र, तेलंगण आणि कर्नाटक येथे महिना अमावास्येला संपतो, म्हणून या पद्धतीला अमान्त म्हणतात. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो, म्हणून त्या पद्धतीला पूर्णिमान्त म्हणतात. महाशिवरात्र मराठी पंचांगात माघ वद्य चतुर्दशीला, तर उत्तरेकडील पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला येते. प्रत्यक्षात दिवस एकच असतो. नांदेडमध्ये उत्तरेकडून येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या मोठी असल्याने हा भेद तेथे नेहमी अनुभवास येतो.

चंद्रावर आधारलेल्या पर्वण्या वारंवार येतात. कार्तिक महिन्यातील पहाटेचे स्नान, कार्तिकी पौर्णिमेचे दीपदान, सोमवारी येणारी म्हणजेच सोमवती अमावास्या, भाद्रपद वद्य पक्षातील पितृकर्मे आणि ग्रहणकाळ हे त्यांपैकी प्रमुख प्रसंग होत. मकरसंक्रांतीची पर्वणी मात्र सूर्याच्या राशिप्रवेशावर अवलंबून असते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे असल्याने दरवर्षी पडणारा अकरा दिवसांचा फरक भरून काढण्यासाठी साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना जादा धरावा लागतो. हाच अधिकमास किंवा धोंड्याचा महिना होय. या महिन्यात गोदास्नानासाठी खेड्यापाड्यांतून लोक नांदेडला येतात, आणि जावयाला तेहतीस अनारसे किंवा पुरणाचे धोंडे वाण म्हणून देण्याची घरगुती चाल त्याच महिन्यात पाळली जाते.

सर्वांत दीर्घ अंतराने येणारी पर्वणी गुरू या ग्रहाची आहे. गुरूला सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा पुरी करण्यास सुमारे ११.८६ वर्षे लागतात. म्हणून तो एकेका राशीत साधारणपणे वर्षभर राहतो आणि बारा वर्षांनी पुन्हा त्याच राशीत येतो. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीचा सिंहस्थ सुरू होतो. वरच्या अंगाला, नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे, तो सिंहस्थ कुंभमेळा म्हणून भरतो. त्यात वैष्णव आखाड्यांचे स्नान नाशिकच्या रामकुंडात आणि शैव आखाड्यांचे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात होते. खालच्या अंगाला, तेलंगण व आंध्र प्रदेशात, त्याच ग्रहयोगाला पुष्कर म्हणतात. पुष्कराच्या कल्पनेत बारा राशींना बारा नद्या वाटून दिलेल्या आहेत : मेषेला गंगा, सिंहेला गोदावरी, कन्येला कृष्णा, वृश्चिकेला भीमा, मीनेला प्राणहिता, याप्रमाणे. कृष्णाकाठच्या वाई व नरसोबाची वाडी येथील कन्यागत पर्व याच हिशेबातले आहे.

नाशिकचा सिंहस्थ दीर्घकाळ चालतो आणि त्याच्या केंद्रस्थानी साधूंचे आखाडे असतात. पुष्कराचे मुख्य पर्व मात्र आरंभीच्या बारा दिवसांचे असते आणि त्यात गृहस्थाने सहकुटुंब स्नान करून पितरांना पिंड देणे यालाच महत्त्व असते. २०१५ मध्ये १४ जुलैपासून बारा दिवस गोदावरीचे पुष्कर पाळले गेले आणि त्याच वर्षी नाशिकलाही कुंभमेळा भरला. नांदेड या दोन्ही परंपरांच्या मध्ये आहे. येथे आखाड्यांची मिरवणूक निघत नाही, पण गुरू सिंहस्थ असताना गोदावरीचा सारा प्रवाहच पावन मानला जात असल्याने ज्यांना नाशिक गाठता येत नाही ते नांदेडच्या घाटांवर स्नान करतात, आणि खालच्या बाजूस बासरच्या सरस्वतीचे व कंदकुर्तीच्या संगमाचे आकर्षण मराठी यात्रेकरूंनाही तितकेच असते.

नांदेडचे घाट

गोवर्धन घाट, नगीना घाट, बंदा घाट आणि उर्वशी घाट ही नांदेडच्या नदीकाठावरील परिचित नावे आहेत. घाटांवर दैनंदिन स्नानाबरोबर अस्थिविसर्जन, दशक्रिया, गंगापूजन आणि सुवासिनींनी नदीची ओटी भरणे हे विधी चालतात. काशीयात्रा करून आलेल्या कुटुंबाने गावजेवण घालून मावंदे केल्याशिवाय यात्रा पूर्ण झाली असे मानले जात नाही, आणि त्या प्रसंगी काशीहून आणलेल्या गंगाजलाचे पूजन होते. शहराच्या वरच्या बाजूस विष्णुपुरी येथे जलाशयालगत काळेश्वराचे मंदिर असून महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तेथे मोठी गर्दी उसळते. मुदखेड तालुक्यातील शंखतीर्थ येथे गोदाकाठीच नरसिंहाचे प्राचीन मंदिर आहे. विसाव्या शतकात या परिसराच्या भक्तिजीवनावर कीर्तनकार दासगणू महाराज (१८६८–१९६२) यांचा खोल ठसा उमटला. उमरी तालुक्यातील गोरटे येथे त्यांची समाधी आहे, आणि ‘श्रीगजाननविजय’ या त्यांच्या ग्रंथाचे पारायण आज घरोघरी होते.

नांदेडची तीर्थ म्हणून असलेली ख्याती केवळ हिंदू परंपरेतून घडलेली नाही. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग येथे आले, तेव्हा उत्तरेतून आलेला माधोदास हा बैरागी गोदाकाठी आश्रम करून राहत होता. पुढे हाच बंदा बहादूर म्हणून प्रसिद्ध झाला. उत्तरेकडील साधू गोदातीरी येऊन राहत असत, याचा हा ठळक दाखला होय. गुरू गोविंदसिंगांचे त्याच वर्षी नांदेड येथे महानिर्वाण झाले आणि त्या जागी महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड श्री हुजूर साहिब ही वास्तू उभारली. या गुरुद्वाऱ्यात दररोज गोदावरीचे पाणी घागरीने आणले जाते आणि दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानात भाविकांनी घागरींतून वाहून आणलेल्या गोदाजलाने तख्त व शस्त्रे धुतली जातात. दसरा आणि होळी या सणांना येथून ‘हल्ला’ म्हणजे शस्त्रधारी शिखांची मिरवणूक निघते, आणि ती पाहण्यासाठी शहरातील सर्वधर्मीय रस्त्याच्या दुतर्फा उभे असतात.

माळेगाव आणि येळवस

नदीकाठ सोडून नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की लोहा तालुक्यात माळेगाव लागते. येथील खंडोबाची जत्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारीने, म्हणजे देवाच्या पालखीच्या मिरवणुकीने सुरू होते आणि मराठवाड्यातील सर्वांत मोठ्या जत्रांत तिची गणना होते. जेजुरीचा प्रसिद्ध उत्सव चंपाषष्ठीचा, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा. माळेगावची जत्रा त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी येते. बेल आणि भंडारा, म्हणजे हळदीची पूड, उधळत ‘यळकोट यळकोट जय मल्हार’ असा गजर करणे, ताटात पानसुपारी, खोबरे व भंडारा ठेवून तळी भरणे, लोखंडी साखळी एका झटक्यात तोडण्याचा लंगराचा विधी आणि रात्रभर चालणारे वाघ्यामुरळ्यांचे जागरण ही या उपासनेची ओळखीची रूपे होत. मुलींना मुरळी म्हणून देवाला सोडण्याची जुनी चाल आता कायद्याने बंद झाली आहे. जागरणाची कला मात्र टिकून आहे. खंडोबाची एक पत्नी म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि दुसरी बाणाई धनगराची मानली जाते. या कथेतूनच वेगवेगळ्या समाजांना या दैवतावर आपला हक्क सांगता येतो.

माळेगावचा बाजार या उपासनेइतकाच महत्त्वाचा आहे. घोडे, गाढवे, उंट आणि गुरे यांची येथे खरेदी-विक्री होते आणि भटक्या जमातींच्या जातपंचायतीही पूर्वापार येथे भरत आल्या आहेत. नांदेड जिल्हा परिषदेतर्फे कृषी व पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल आणि लावणी महोत्सव भरवला जातो, तर तमाशाचे फड आपापल्या राहुट्या ठोकून रात्ररात्र वग रंगवतात. या परिसराने गोवंशाच्या दोन नामांकित जाती दिल्या आहेत. कंधार तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी लाल कंधारी ही गडद तांबड्या रंगाची, ओढकामाला काटक जात आहे. लातूर जिल्ह्यातील देवणीची देवणी जात दूध आणि शेतकाम या दोन्हींसाठी उपयोगी असून अंगावरील रंगाच्या ठेवणीवरून तिचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार पाडले जातात. जातिवंत वळू निवडण्याचे आणि त्याची कीर्ती गावोगाव पसरवण्याचे काम अशा जत्रांनीच पिढ्यानुपिढ्या केले.

जत्रेच्या या तिथीचा संबंध शेतीशी आहे, हे तिच्या दुसऱ्या दिवशी स्पष्ट होते. मार्गशीर्ष अमावास्या ही लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या लगतच्या भागात वेळ अमावास्या म्हणून साजरी होते. बोलीत तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सारे कुटुंब शेतात जाते, कडब्याची कोप उभारून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडते, उभ्या ज्वारी-हरभऱ्याची आणि काळ्या आईची पूजा करते. निरनिराळ्या शेंगा व पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातले आंबील हा या दिवसाचा ठरलेला स्वयंपाक, आणि इष्टमित्रांना शेतावर जेवायला बोलावणे हा ठरलेला शिष्टाचार असतो. सायंकाळी पेटता हेंडगा, म्हणजे गवताची चूड, घेऊन पिकाभोवती फेरी घालतात. लातूर शहरातील रस्ते त्या दिवशी ओस पडतात. खरिपाची रास घरात आलेली, रब्बीचे पीक हिरवेगार उभे, हातात थोडाफार पैसा आणि अंगावरचे काम हलके झालेले, असा हा हंगाम असल्याने जत्रेला आणि जनावरांच्या व्यवहाराला तो सोयीचा ठरतो. पर्वणी आकाशाकडे पाहून ठरते, तर जत्रेची तिथी पंचांगात लिहिलेली असली तरी तिचा जीव शेताच्या सवडीत असतो.

सिद्धेश्वर आणि माहूर

लातूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर आणि त्याच्याजवळचा रत्नेश्वर यांची यात्रा महाशिवरात्रीला सुरू होते. गवळी समाजाकडून होणाऱ्या दुग्धाभिषेकाने तिचा आरंभ होतो आणि पुढे अनेक दिवस बाजार, पशुप्रदर्शन व कुस्त्या चालतात. येथे मोठी नदी नाही, पर्वस्नान नाही. शिवरात्रीचा उपवास आणि शिवलिंगावरील अभिषेक हेच पुरेसे मानले जाते. ही तिथीही रब्बीच्या सुगीच्या तोंडावर येते. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर या नगराचे अधिपती म्हणवीत आणि ते नगर म्हणजेच आजचे लातूर असे मानले जाते. परंतु आधुनिक लातूरचे हृदय म्हणजे गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ, आणि तिच्याही मध्यभागी जगदंबेचे मंदिर आहे. व्यापार आणि देवस्थान यांची जत्रेत दिसणारी जवळीक येथे नगररचनेतच उतरली आहे.

माहूर या दोन्ही प्रकारांच्या सीमेवर आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या परिसरातील डोंगरांवर रेणुका, दत्तात्रेय आणि अनसूया यांची स्थाने आहेत. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकेची पूजा येथे तांदळ्याच्या, म्हणजे केवळ मुखाच्या रूपात होते आणि कुटलेला विडा हा तिचा खास नैवेद्य आहे. परशुरामाने येथील मातृतीर्थावर आईचे अंत्यकर्म केले, अशी कथा आहे. नवरात्रात आणि दत्तजयंतीला येथे विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगण या तिन्ही भागांतून भाविक येतात, तर श्रावणी पौर्णिमेला गडाभोवती परिक्रमा करण्याची प्रथा आहे. दत्तात्रेय दिवसभर निरनिराळ्या क्षेत्रांत संचार करून निद्रेसाठी माहूरला येतात, या श्रद्धेमुळे महानुभाव आणि दत्तसंप्रदायी या दोघांनाही हे स्थान पूज्य आहे.

वाटा, लोहमार्ग आणि बंधारे

मेळ्यांचा विस्तार त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांवर अवलंबून असतो. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा नांदेड आणि बासर ही दोन्ही गोदाकाठची ठिकाणे एकाच रेषेत आली. लातूरला १९११ मध्ये पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरशी जोडलेली होती, त्यामुळे लातूरच्या वारकऱ्यांना आषाढी-कार्तिकीचा प्रवास सुकर झाला. तरीही पायी दिंडीची परंपरा खंडित झाली नाही आणि औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन पंढरपुरात आजही ओळखले जाते.

वाटांप्रमाणेच आता पाण्याचीही व्यवस्था माणसाच्या हाती आली आहे. वर पैठणचे जायकवाडी, उपनद्यांवरची येलदरी व माजलगावसारखी धरणे आणि शहरालगत विष्णुपुरीचा बंधारा यांमुळे पावसाळा संपल्यावर नांदेडच्या घाटांवर वाहते पाणी किती असेल, हे बव्हंशी दरवाजे उघडण्यावर ठरते. शहराचे सांडपाणी, निर्माल्य आणि गणेशविसर्जनातील मूर्ती यांचा भार कमी करण्यासाठी निर्माल्यकुंड व कृत्रिम तलाव यांचा उपयोग वाढत आहे, कारण प्रवाह नसेल तर स्नानाचे पाणी आणि सांडपाणी यांतील अंतरच उरत नाही. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. कार्तिकस्नानाचे दिवस बहुधा दरवाजे बंद होण्याच्या सुमारास येतात, तर महाशिवरात्र मार्चमधील विसर्गाच्या आगेमागे येते. लातूरकरांना तर पाण्याच्या अभावाची किंमत अधिक ठाऊक आहे. मांजरा धरण आटल्यामुळे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने त्या शहराला पिण्याचे पाणी आणावे लागले.

गुरू २०२७ मध्ये पुन्हा सिंह राशीत येत आहे. ग्रहाचा राशिप्रवेश कित्येक वर्षे आधी सांगता येतो. नदीतील पाण्याचे तसे नाही. पर्वणीला मुहूर्ताबरोबर प्रवाहही लागतो. म्हणून गोदाकाठच्या यापुढील प्रत्येक मोठ्या स्नानाचे नियोजन करताना पंचांगाइतकेच धरणांतील साठ्याचे आणि विसर्गाचे वेळापत्रक पाहावे लागेल. माळरानावरच्या जत्रेला ही अडचण थेट भेडसावत नाही, पण खरीप बुडाला की तिचा बाजार बसतो आणि वैरण संपली की दावणीची जनावरे विकण्यासाठीच तेथे आणली जातात. पर्वणी आणि जत्रा यांचे हिशेब निराळे असले, तरी नांदेड-लातूरच्या कोरडवाहू प्रदेशात दोन्हींचा आधार पावसाळ्यात गोदावरीच्या खोऱ्यात पडलेले पाणी हाच आहे.